रूझवेल्ट यांचा पत्रव्यवहार आणि अहमदनगरचा भुईकोट किल्ला (१९४१-१९४५) : एक दस्तऐवजी चिकित्सा

प्रस्तावना

अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) भुईकोट किल्ल्याचा इतिहास निजामशाहीची राजधानी, चांदबिबीने केलेला बचाव, १८०३ मध्ये वेलस्लीने घेतलेला ताबा आणि १९४२ मधील राष्ट्रीय नेत्यांचा कारावास अशा टप्प्यांत सांगितला जातो. यांपैकी शेवटचा टप्पा आपल्या सर्वाधिक परिचयाचा आहे. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे मुंबईत अटक झालेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना खास रेल्वेगाडीने नगरला आणण्यात आले. मौलाना अबुल कलाम आझाद, पंडित जवाहरलाल नेहरू, सरदार वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, डॉ. पट्टाभी सीतारामय्या, डॉ. सय्यद महमूद, हरेकृष्ण महताब, प्रफुल्लचंद्र घोष आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव असे बारा नेते या किल्ल्यात स्थानबद्ध होते. नेहरूंनी येथेच ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला, ही माहिती विद्यार्थ्यांनाही असते.

तथापि हा इतिहास बहुतेक वेळा किल्ल्याच्या तटाच्या आतच सांगितला जातो. ज्या महिन्यांत हे नेते नगरमध्ये बंदिस्त होते, त्याच महिन्यांत वॉशिंग्टन, लंडन आणि चुंगकिंग या तीन राजधान्यांत त्यांच्याविषयी तारा व पत्रे लिहिली जात होती. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन डी. रूझवेल्ट हे या पत्रव्यवहाराच्या केंद्रस्थानी होते. किल्ल्यातील कागद आणि अध्यक्षांचे कागद एकमेकांसमोर ठेवून वाचणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या वाचनामागे एक निश्चित प्रश्न आहे. रूझवेल्ट यांनी भारताच्या स्वातंत्र्यासाठी चर्चिल यांच्यावर दबाव आणला, असे विधान व्याख्यानांतून व परीक्षेच्या उत्तरांतून वारंवार केले जाते. या विधानाला मूळ दस्तऐवजांचा आधार कितपत आहे? आणि असा आधार तपासताना लिहिलेल्या, न पाठविलेल्या व केवळ तोंडी राहिलेल्या शब्दांचे मोल इतिहासकाराने कसे करावे? प्रस्तुत निबंधात या दोन्ही प्रश्नांचा विचार केला आहे.

दस्तऐवजांचे स्वरूप

रूझवेल्ट यांचे कागदपत्र न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथील त्यांच्या नावाच्या ग्रंथालयात जतन केलेले आहेत. आपले अध्यक्षीय कागद ही खासगी मालमत्ता न मानता ते राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्वाधीन करण्याची प्रथा रूझवेल्ट यांनीच घालून दिली. या ग्रंथालयाच्या संग्रहालयाचे उद्घाटन ३० जून १९४१ रोजी, म्हणजे ते स्वतः पदावर असतानाच झाले. युद्धकाळात चर्चिल यांच्याशी होणारा त्यांचा तारव्यवहार व्हाइट हाउसमधील ‘मॅप रूम’ या लष्करी कक्षात नोंदवून ठेवला जात असे. वॉरन किंबॉल यांनी हा पत्रव्यवहार १९८४ मध्ये तीन खंडांत संपादित केला. अमेरिकी परराष्ट्र खात्याने प्रसिद्ध केलेल्या राजनैतिक दस्तऐवजांच्या मालिकेत १९४२ च्या खंडांत भारताविषयीचा मोठा भाग आहे. ब्रिटिश बाजूचे कागद निकोलस मॅन्सर्ग यांच्या संपादनाखाली १९७० ते १९८३ या काळात ‘द ट्रान्सफर ऑफ पॉवर’ या बारा खंडांत प्रकाशित झाले. त्यांपैकी पहिला खंड क्रिप्स शिष्टाईवर, तर दुसरा ‘छोडो भारत’ आंदोलनाच्या काळावर आहे.

किल्ल्याच्या बाजूची साधने याहून वेगळ्या प्रकारची आहेत. नेहरूंची तुरुंगातील रोजनिशी, त्यांनी कन्या इंदिरा यांना लिहिलेली पत्रे, आझादांचा उर्दू पत्रसंग्रह ‘गुबार-ए-खातिर’ आणि त्यांचे आत्मकथन ही त्यांतील प्रमुख होत. एका बाजूला सांकेतिक लिपीत काही तासांत महासागर ओलांडणाऱ्या तारा, तर दुसऱ्या बाजूला सेन्सॉरच्या हाताखालून जाणारी किंवा टपालात पडूच न शकलेली पत्रे, असे हे विषम साहित्य आहे. हा विषमपणा हाच या अभ्यासाचा प्रारंभबिंदू होय.

बोलणे थांबले, लिहिणे सुरू झाले

१४ ऑगस्ट १९४१ रोजी जाहीर झालेल्या अटलांटिक सनदेच्या तिसऱ्या कलमात सर्व लोकांना आपल्या पसंतीचे शासन निवडण्याचा अधिकार मान्य करण्यात आला होता. चर्चिल यांनी ९ सप्टेंबर १९४१ रोजी ब्रिटिश लोकसभेत हे कलम प्रामुख्याने नाझी वर्चस्वाखालील युरोपीय राष्ट्रांसाठी असल्याचे सांगून भारत त्यातून वगळला. याउलट रूझवेल्ट यांनी २३ फेब्रुवारी १९४२ च्या नभोवाणी भाषणात ही सनद साऱ्या जगाला लागू असल्याचे प्रतिपादन केले. दोघांमधील मतभेद येथपर्यंत जाहीर होता.

मतभेदाची खाजगी बाजू चर्चिल यांच्या युद्धविषयक आठवणींत सापडते. डिसेंबर १९४१ मध्ये चर्चिल वॉशिंग्टनला गेले असता रूझवेल्ट यांनी भारताचा प्रश्न काढला. आपण त्यावर इतकी तीव्र व इतकी विस्तृत प्रतिक्रिया दिली की अध्यक्षांनी पुढे हा विषय तोंडी कधीच काढला नाही, असे चर्चिल नमूद करतात. हे कथन एकतर्फी आणि युद्धानंतर लिहिलेले आहे, याचे भान ठेवावयास हवे. तरीही त्यातील ‘तोंडी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. समोरासमोरची वाट बंद झाल्यामुळे भारताचा प्रश्न कागदावर आला, आणि म्हणूनच तो आज आपल्याला वाचता येतो.

१० मार्च १९४२ ची रूझवेल्ट यांची तार या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. सिंगापूर १५ फेब्रुवारीला आणि रंगून ८ मार्चला जपानच्या हाती पडले होते. या तारेत अध्यक्षांनी १७८३ ते १७८९ या काळातील अमेरिकेचा दाखला दिला. तेरा वसाहतींनी प्रथम एक तात्पुरती, सैल स्वरूपाची व्यवस्था स्वीकारली आणि अनुभवाअंती कायमची राज्यघटना तयार केली. त्याच धर्तीवर भारतात विविध गटांचे तात्पुरते शासन स्थापन करावे, अशी त्यांची सूचना होती. सूचना करताना हा आपला विषय नव्हे, अशी सारवासारवही त्यांनी केली. सल्ला द्यायचा, पण सल्ला दिल्याची जबाबदारी मात्र घ्यायची नाही, ही या पत्रव्यवहाराची शैली येथूनच दिसू लागते.

१२ एप्रिल १९४२

सर स्टॅफर्ड क्रिप्स मार्च १९४२ च्या अखेरच्या आठवड्यात दिल्लीत वाटाघाटी करीत होते. ३ एप्रिलला रूझवेल्ट यांचे वैयक्तिक प्रतिनिधी कर्नल लुई जॉन्सन दिल्लीत पोहोचले. संरक्षण खात्याचा कारभार भारतीय मंत्र्याकडे कितपत द्यावा, या कळीच्या प्रश्नावर त्यांनी क्रिप्स व नेहरू यांच्यात मध्यस्थी केली आणि काही दिवस तडजोड दृष्टिपथात आल्यासारखी वाटली. त्याच वेळी रूझवेल्ट यांचे निकटचे सल्लागार हॅरी हॉपकिन्स लंडनमध्ये होते. जॉन्सन हे घटनात्मक प्रश्नावर अध्यक्षांच्या वतीने मध्यस्थी करीत नाहीत, असे त्यांनी चर्चिल यांना सांगितले. एकाच अध्यक्षाचे दोन प्रतिनिधी दोन राजधान्यांत परस्परविरोधी भूमिका मांडत होते. दिल्लीतील मध्यस्थाचे वजन लंडनमधील दूताने कमी केले, असेच या कागदांवरून म्हणावे लागते.

वाटाघाटी फिसकटल्यावर ११ एप्रिलला रूझवेल्ट यांनी हॉपकिन्स यांच्यामार्फत चर्चिल यांना तार पाठविली. क्रिप्स यांचे प्रस्थान लांबवावे आणि अखेरचा एक प्रयत्न करावा, असे त्यांचे म्हणणे होते. युद्धानंतर भारतीय घटकांना साम्राज्यातून बाहेर पडण्याचा अधिकार देण्यास ब्रिटन तयार असेल, तर युद्धकाळात स्वशासन देण्यास नकार का, हे अमेरिकी जनतेला समजत नाही, असेही त्यांनी स्पष्ट लिहिले. भारताच्या प्रश्नावर रूझवेल्ट यांनी चर्चिल यांना लिहिलेले हे सर्वांत परखड पत्र होय.

ही तार १२ एप्रिलच्या पहाटे तीनच्या सुमारास चर्चिल यांच्या हाती पडली. चर्चिल आणि हॉपकिन्स तेव्हा बोलत बसले होते. चर्चिल यांचे उत्तर उपलब्ध आहे. मंत्रिमंडळाची बैठक सोमवारपूर्वी होणे शक्य नाही, क्रिप्स आधीच भारतातून निघाले आहेत आणि दोन्ही बाजूंची निवेदने प्रसिद्ध झाली आहेत, असे त्यांनी कळविले. त्यापुढील मजकूर आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष आहे. परिस्थिती समजावून सांगण्यासाठी हॉपकिन्स यांनी अध्यक्षांना दूरध्वनी करण्याचे पत्करले, परंतु हवामानातील अडथळ्यामुळे संपर्क होऊ शकला नाही, असे त्यात म्हटले आहे. आपल्या दोघांत गंभीर मतभेद झाल्यास आपले हृदय विदीर्ण होईल आणि या भीषण संघर्षात दोन्ही देशांची मोठी हानी होईल, असा भावनिक समारोपही त्यात आहे.

या उत्तराआधीचा एक मसुदाही जतन झाला आहे. तो पाठविला गेला नाही. गरज पडल्यास आपण सार्वजनिक जीवनातून निवृत्त होण्यास तयार आहोत, असा राजीनाम्याचा सूर त्यात होता. म्हणजे एकाच पहाटेचे तीन प्रकारचे संवाद आपल्यासमोर येतात : न पाठविलेला संतप्त मसुदा, न लागलेला दूरध्वनी आणि प्रत्यक्ष गेलेली संयत तार. केवळ तिसरा कागद हाती असता, तर चर्चिल यांचा विरोध सौम्य होता असा निष्कर्ष निघाला असता. पहिल्या कागदामुळे त्या संयमामागील निर्धार कळतो आणि अध्यक्षांच्या सल्ल्याला लंडनमध्ये किती वाव होता, हेही स्पष्ट होते.

त्याच १२ एप्रिलला नेहरूंनी दिल्लीहून रूझवेल्ट यांना पत्र लिहिले आणि जॉन्सन यांच्यामार्फत ते वॉशिंग्टनला गेले. वाटाघाटींच्या अपयशाविषयी खेद व्यक्त करून, तरीही भारत जपानी आक्रमणापुढे मान तुकविणार नाही, असे आश्वासन त्यात आहे. स्वतंत्र राष्ट्र म्हणून लढता आले असते तर हे कार्य किती अधिक समर्थपणे झाले असते, हा त्यामागील भाव लपत नाही. रूझवेल्ट यांना हे पत्र लिहिणारी व्यक्ती चार महिन्यांच्या आत नगरच्या किल्ल्यात असणार होती.

गांधीजींचे पत्र आणि ऑगस्टमधील अटक

१ जुलै १९४२ रोजी महात्मा गांधींनी सेवाग्रामहून रूझवेल्ट यांना पत्र लिहिले आणि ते अमेरिकी पत्रकार लुई फिशर यांच्या हाती सोपविले. थोरो व इमर्सन यांच्या लेखनाचे आपल्यावरील ऋण सांगून गांधीजींनी दोन मुद्दे मांडले. भारत व आफ्रिका ब्रिटनच्या शोषणाखाली असताना आणि अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा प्रश्न तसाच असताना दोस्त राष्ट्रांची स्वातंत्र्याची घोषणा पोकळ वाटते, हा पहिला मुद्दा. स्वतंत्र भारताशी करार करून दोस्त सैन्याने स्वखर्चाने भारतात राहावे, ही त्यांची दुसरी सूचना होती. ‘छोडो भारत’ म्हणजे जपानला मोकळे रान, हा जो प्रचार पुढे झाला, त्याचे खंडन या पत्रात आधीच केलेले आढळते.

रूझवेल्ट यांचे उत्तर १ ऑगस्ट १९४२ चे आहे. ते थोडक्यात व सौजन्यपूर्ण असून त्यासोबत परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांच्या २३ जुलैच्या भाषणाची प्रत जोडलेली होती. गांधीजींच्या दोन्ही मुद्द्यांना त्यात थेट उत्तर नाही. समान शत्रूविरुद्ध लोकशाहीसाठी एकत्र येण्याची आशा तेवढी व्यक्त केली आहे. हे पत्र भारतात येईपर्यंत गांधीजी पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध झाले होते.

याच सुमारास चीनचे नेते चँग कै-शेक यांनीही भारतप्रश्नी हस्तक्षेप करण्याची विनंती रूझवेल्ट यांना केली. रूझवेल्ट यांनी ती जुलैच्या अखेरीस चर्चिल यांच्याकडे अभिप्रायासाठी पाठविली. तक्रार ज्याच्याविरुद्ध, तिचे उत्तरही त्याच्याचकडे मागण्याचा हा प्रकार होता. चँग यांना नंतर, तूर्त हस्तक्षेप न करणेच शहाणपणाचे, असे कळविण्यात आले.

अहमदनगरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा कागद ७ ऑगस्ट १९४२ चा आहे. चर्चिल त्या वेळी कैरोत होते. उपपंतप्रधान क्लेमंट ॲटली यांनी त्या दिवशी रूझवेल्ट यांना संदेश पाठवून, काँग्रेसने प्रस्तावित ठराव संमत केल्यास गांधी व कार्यकारिणीच्या सदस्यांना ताब्यात घेण्याच्या निर्णयाची कल्पना दिली. मुंबईच्या गवालिया टँक मैदानावरील ठराव ८ ऑगस्टच्या रात्री संमत झाला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे अटकसत्र झाले. याचा अर्थ असा की, ज्यांना नगरच्या किल्ल्यात आणायचे होते त्यांच्या अटकेची योजना अमेरिकेच्या अध्यक्षांना ठराव संमत होण्याआधीच माहीत होती. १२ ऑगस्टला अमेरिकी परराष्ट्र खात्याने एक निवेदन काढले. भारतातील अमेरिकी सैन्य केवळ शत्रुराष्ट्रांशी लढण्यासाठी असून त्याने भारताच्या अंतर्गत प्रश्नांत भाग घेऊ नये, असे त्यात म्हटले होते. माहिती होती आणि सहानुभूतीही होती. परंतु अटकेविरुद्धचा जाहीर निषेध मात्र झाला नाही.

किल्ल्यातील कागद

त्याच दिवसांत किल्ल्याच्या आत काय होते? नेत्यांना कोठे ठेवले आहे हे सरकारने प्रारंभी जाहीर केले नव्हते. पहिले काही आठवडे वर्तमानपत्रे मिळत नव्हती. पुढे पत्रव्यवहाराची परवानगी मिळाली, ती निकटच्या कुटुंबीयांपुरती आणि सेन्सॉरच्या अधीन राहून. एप्रिलमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना थेट पत्र लिहिणारे नेहरू ऑगस्टनंतर आपल्या मुलीलाही मोजून-मापूनच लिहू शकत होते. राजकीय मजकूर वर्ज्य असल्याने या पत्रांत पुस्तके, इतिहास आणि किल्ल्याच्या अंगणात नेहरूंनी फुलविलेली बाग हे विषय वारंवार येतात. या विषयांना केवळ विरंगुळा समजणे योग्य होणार नाही. जे लिहिण्यास मनाई होती त्याची रूपरेषा या विषयांच्या कडेने ओळखता येते.

आझादांची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. त्यांनी आपले स्नेही नवाब सद्र यार जंग हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून किल्ल्यात पत्रे लिहिली. ती पाठविता येणार नाहीत, हे माहीत असूनही ते लिहीत राहिले. १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली आणि उर्दू गद्याचा एक मानदंड ठरली. ९ एप्रिल १९४३ रोजी त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम यांचे कलकत्त्यात निधन झाले, तेव्हाही आझाद याच तटाआड होते. चर्चिल यांचा न पाठविलेला मसुदा आणि आझादांची न पाठविलेली पत्रे यांत बाह्य साम्य आहे, परंतु त्यामागील सत्तासंबंध पूर्णतः भिन्न आहे. एकाने पाठवायचे नाही असे ठरविले होते, तर दुसऱ्याला पाठविण्याची मुभाच नव्हती. दस्तऐवजावर ‘अप्रेषित’ असा एकच शेरा मारला, तर हा भेद पुसला जातो.

फिलिप्स यांचा अहवाल

जानेवारी १९४३ मध्ये रूझवेल्ट यांचे नवे वैयक्तिक प्रतिनिधी विल्यम फिलिप्स दिल्लीत आले. १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३ या काळात गांधीजींनी आगाखान राजवाड्यात एकवीस दिवसांचा उपवास केला. या काळात वॉशिंग्टनमध्ये चिंता होती आणि ती ब्रिटिश राजदूत हॅलिफॅक्स यांच्या कानी घालण्यात आली. फिलिप्स यांनी गांधीजींची भेट घेण्यासाठी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याकडे परवानगी मागितली. ती नाकारण्यात आली. एप्रिलअखेर भारत सोडताना त्यांनी हा नकार पत्रकारांसमोर सांगितला.

१४ मे १९४३ रोजी त्यांनी रूझवेल्ट यांना सादर केलेला अहवाल स्पष्ट होता. भारतीय जनतेला हे युद्ध आपले वाटत नाही, भारतीय सैन्य मुख्यतः वेतनासाठी लढणारे आहे आणि ब्रिटनने स्वातंत्र्याची निश्चित हमी द्यावी, असे मत त्यांनी मांडले. रूझवेल्ट यांनी काय केले? त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये आलेल्या चर्चिल यांना भेटण्यास त्यांनी फिलिप्स यांनाच पाठविले. जे बोलणे स्वतः टाळले होते, ते त्यांनी आपल्या प्रतिनिधीवर सोपविले. चर्चिल यांचा संताप फिलिप्स यांच्या वाट्याला आला आणि धोरण होते तेथेच राहिले. जुलै १९४४ मध्ये स्तंभलेखक ड्रू पिअर्सन यांनी हे पत्र फोडले, तेव्हा मोठा राजनैतिक गदारोळ झाला. तोवर किल्ल्यातील कारावासाला दोन वर्षे होत आली होती.

एक उलट उदाहरण

सहानुभूतिशील अमेरिका विरुद्ध कठोर ब्रिटन, या सोप्या विभागणीला छेद देणारा एक पत्रव्यवहार येथे नोंदविणे आवश्यक आहे. बंगालच्या भीषण दुष्काळानंतर भारतातील अन्नस्थिती गंभीर होती. २९ एप्रिल १९४४ रोजी चर्चिल यांनी रूझवेल्ट यांच्याकडे ऑस्ट्रेलियातून भारतात गहू वाहून नेण्यासाठी जहाजांची मागणी केली. १ जून १९४४ रोजी रूझवेल्ट यांनी लष्करी निकड सांगून खेदपूर्वक नकार दिला. नॉर्मंडीवरील आक्रमण पाच दिवसांवर आले होते. युद्धाच्या तर्काने हा नकार समजून घेता येतो. परंतु दुष्काळकाळातील ब्रिटिश धोरणाची जबाबदारी या एका मागणीने कमी होत नाही, तसेच या नकाराने रूझवेल्ट यांची भारतविषयक सहानुभूती खोटीही ठरत नाही. त्या सहानुभूतीची मर्यादा मात्र त्यातून निश्चितपणे कळते.

योगायोग असा की, याच महिन्यांत नगरच्या किल्ल्यात नेहरू आपला ग्रंथ लिहीत होते. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत त्याचे लेखन झाले आणि त्याच्या पहिल्याच प्रकरणात बंगालच्या दुष्काळाचे चिंतन आहे. जहाजांविषयीच्या गोपनीय तारा त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. एकाच आपत्तीवर दोन ठिकाणी एकाच वेळी लेखन होत होते; त्यांतील एकात धान्याच्या टनांचा हिशेब होता, तर दुसऱ्यात मृत माणसांविषयीचा शोक. इतिहास लिहिणाऱ्याला हे दोन्ही एकत्र ठेवता येतात, आणि ते त्याचे कर्तव्यही आहे.

दूरध्वनी आणि इतिहासाची साधने

रूझवेल्ट यांच्या काळात पत्र व तार ही राजनैतिक व्यवहाराची मुख्य साधने होती. दूरध्वनी होता, परंतु त्याची सुरक्षितता संशयास्पद होती. अटलांटिक महासागरावरून जाणारे रेडिओ-दूरध्वनी संभाषण अस्पष्ट करणारी यंत्रणा वापरली जाई. जर्मन टपाल खात्याच्या तंत्रज्ञांनी १९४२ पर्यंत ती भेदली होती, हे पुढे उघड झाले. १९४३ मध्ये अधिक सुरक्षित यंत्रणा आली. १९४० मध्ये रूझवेल्ट यांच्या कार्यालयात ध्वनिमुद्रणाचा अल्पकाळ प्रयोग झाला होता. ती मुद्रणे १९७८ मध्ये संशोधकांच्या निदर्शनास आली. परंतु ती १९४० च्या उत्तरार्धातील असल्याने भारतविषयक पेचप्रसंगाचा आवाज त्यांत नाही.

पुढील अध्यक्षांच्या बाबतीत चित्र बदलले. लिंडन जॉन्सन यांनी आपली दूरध्वनी संभाषणे मोठ्या प्रमाणावर मुद्रित केली, तर रिचर्ड निक्सन यांच्या १९७१ ते १९७३ मधील ध्वनिफितींचा विस्तार सुमारे ३,७०० तासांचा आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धकाळात निक्सन व किसिंजर भारताविषयी खाजगीत कोणत्या भाषेत बोलत होते, हे २००५ मध्ये खुल्या झालेल्या कागदांमुळे जगाला कळले. अधिकृत पत्रांतील संयत भाषेशी ती भाषा जुळत नव्हती. १९७८ च्या कायद्याने अमेरिकेत अध्यक्षीय कागदांची मालकी राष्ट्राकडे गेली.

यावरून ध्वनिफीत खरी आणि पत्र खोटे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पत्र हे विचारपूर्वक घेतलेल्या जबाबदारीचे साधन आहे. संभाषण हे प्रवृत्तीचे. पत्रातील शब्दाला राष्ट्र बांधील असते, बोलण्यातील शब्दातून माणूस कळतो. १२ एप्रिल १९४२ रोजी दूरध्वनी लागला असता, तर कदाचित चर्चिल यांच्या उत्तरातील काही ओळी लिहिल्याच गेल्या नसत्या. त्या पहाटेच्या खराब हवामानाने भावी संशोधकांची सोय केली, असे म्हणण्यास हरकत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) रूझवेल्ट यांनी चर्चिल यांना भारतप्रश्नी सल्ला दिला, हे दस्तऐवजांनी सिद्ध होते. मार्च-एप्रिल १९४२ मध्ये हा सल्ला आग्रहाच्या पातळीवर गेला. परंतु नकारानंतर त्यामागे कोणतीही किंमत वसूल करण्याची तयारी नव्हती. त्यामुळे ‘दबाव’ हा शब्द फार मोठा ठरतो. ‘आग्रही सल्ला’ हा शब्द अधिक काटेकोर आहे.

२) ऑगस्ट १९४२ नंतर सल्ल्याची जागा मौनाने घेतली. अटकेची पूर्वकल्पना असणे आणि तिचा जाहीर निषेध न करणे, या दोन गोष्टी एकत्र ठेवल्यावरच अहमदनगरच्या कारावासाचा आंतरराष्ट्रीय संदर्भ पूर्ण होतो.

३) न पाठविलेले मसुदे, उशिरा आलेली उत्तरे, नाकारलेल्या भेटी आणि न लागलेला दूरध्वनी यांना दस्तऐवजाचाच दर्जा द्यावयास हवा. मात्र प्रत्येक मौनाचे कारण स्वतंत्रपणे तपासले पाहिजे. सत्ताधाऱ्याचे मौन आणि बंदिवानाचे मौन एका मापाने मोजता येत नाही.

४) स्थानिक इतिहास आणि जागतिक राजनीती हे वेगळे विषय नाहीत. अमेरिका हा शब्द नगरकरांना १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनच्या रूपाने परिचित होता. १९४२ मध्ये नगर हे अमेरिकी अध्यक्षांच्या पत्रव्यवहाराच्या परिघात आले. अमेरिकी परराष्ट्र खात्याचे हे खंड आता संगणकावर विनामूल्य उपलब्ध आहेत. जिल्ह्यातील महाविद्यालयांतून पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एक तार, एक मसुदा आणि किल्ल्यातील एक पत्र एकत्र वाचावयास देणे सहज शक्य आहे. साधनचिकित्सेचा तो उत्तम पाठ ठरेल.

मार्च १९४५ च्या अखेरीस नेहरूंना नगरहून हलविण्यात आले आणि १५ जून १९४५ रोजी त्यांची अल्मोड्याहून सुटका झाली. दरम्यान १२ एप्रिल १९४५ रोजी, नेहरूंनी त्यांना पत्र लिहिल्याला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, रूझवेल्ट यांचे निधन झाले. त्या तीन वर्षांपैकी सुमारे पावणेतीन वर्षे पत्रलेखक बंदिवासात होता आणि त्यातील बहुतेक काळ आपल्या नगरच्या किल्ल्यात. रूझवेल्ट यांच्या भारतविषयक सहानुभूतीचे मूल्यमापन करताना त्यांच्या शब्दांइतकाच हा कालावधीही विचारात घ्यावा लागेल.